राउटर बंद ठेवण्याचे दिवस

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी बरेच दिवस कुणालाच सांगितलं नाही. आधीच्या दोन्ही वेळा सांगितलं होतं. माझ्या आईला, बहिणीला, ऑफिसातल्या दोघी-तिघींना. आणि मग प्रत्येकीला पुन्हा फोन करून उलटं सांगावं लागलं होतं. ते फोन करताना माझा आवाज मलाच परका वाटायचा. म्हणून या वेळी तोंड मिटून बसले. नवऱ्यालासुद्धा सांगितलं ते त्यानेच ओळखल्यावर. त्याला आनंद झाला असणार, पण तो हसला नाही. म्हणाला, "जपून राहू आपण." एवढंच.

आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहतो. दुसरा मजला, आणि तीन बाजूंनी आमच्याहून उंच इमारती. घर चांगलं आहे, पाणी येतं, वारा येतो, फक्त मोबाइलची रेंज येत नाही. हॉलच्या खिडकीशी उभं राहिलं तर एखादी दांडी दिसते, ती पण तिच्या मर्जीने. आत वळलं की गेली. त्यामुळे आमच्याकडे साधा फोनसुद्धा वायफायवरूनच लागतो. वायफाय असेल तर आम्ही जगात आहोत, नसेल तर नाही.

आणि वायफाय होतं ते हॉलपुरतं. नेट जोडायला आलेल्या माणसाने जिथे वायर आत आली तिथेच, मुख्य दाराशेजारी, टीव्हीच्या मागे राउटर ठेवून दिला होता. तिथून बेडरूम म्हणजे घराचं दुसरं टोक. मध्ये बाथरूमची टाइल्सची भिंत, आणि बेडरूमच्या दाराशी आरसे लावलेलं लोखंडी कपाट. पलंगावर बसून काही उघडायला गेलं की स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहायचं. आम्हाला सवय झाली होती. बोलायचं असेल तर हॉलमध्ये यायचं.

पण डॉक्टरांनी आराम सांगितला. जिने नाहीत, प्रवास नाही, शक्य तेवढं आडवं राहायचं. मी विम्याचे दावे तपासायचं काम करते. दिवसभर लोकांची हॉस्पिटलची कागदपत्रं वाचायची, कुणाला काय झालं, किती दिवस ठेवलं, काय उपचार केले. ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली. एका रविवारी नवरा मोबाइल हातात धरून घरभर फिरला. फोनवर कुठलंसं अॅप घेतलं होतं, ते जागोजागी नेटचा जोर दाखवत होतं. हॉलमध्ये हिरवं, स्वयंपाकघराच्या दाराशी पिवळं, बेडरूममध्ये लाल. पलंगापाशी तर काही दिसेचना.

"सोपंय," तो म्हणाला. "टीव्हीच्या मागून काढू आणि पॅसेजमध्ये, बेडरूमच्या दारावर लावू. मध्यावर येईल. तू पलंगावर पडून काम कर, कॉल घे, सगळं होईल."

"नको," मी म्हणाले.

"का?"

"नको म्हणजे नको. माझ्या डोक्याशी नको ते."

कारण तोवर मी वाचलं होतं. आधी असंच, सहज. मग रोज. हॉलमध्ये कामाला बसलं की मधल्या सुट्टीत मी तेच शोधायची. वायफायच्या लहरी, पोटातलं बाळ, पहिले महिने. काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असायचं की काही होत नाही. तिथे मी दोन ओळी वाचून पुढे जायची. जिथे भीती घातलेली असायची तिथे मात्र शेवटपर्यंत वाचायची, खालच्या बायांच्या प्रतिक्रियांसकट. एकीने लिहिलं होतं, माझा राउटर उशाशी होता, मला आता कळलं. ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आधीच्या घरात, भाड्याच्या, आमचाही राउटर पलंगाशेजारच्या भिंतीवर होता. दोन्ही वेळा आम्ही त्याच घरात होतो.

शेजारच्या भाभी गुजराती आहेत, मायाळू बाई. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, पण माझं चालणं बघून त्यांनी ओळखलं. एक दिवस गोल सोनेरी स्टिकर घेऊन आल्या. "भाभी, ये मोबाइल के पीछे चिपका लो. रेडिएशन खींच लेता है. मेरी बहू ने भी लगाया था." मी विम्याच्या कामात खोटी बिलं ओळखण्याचा पगार घेते. तरी तो स्टिकर मी त्यांच्यासमोरच चिकटवला.

मग मी नियम केले. फोन झोपताना अंगाजवळ नाही. लॅपटॉप मांडीवर नाही. मी हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाशी लाकडी खुर्चीवर बसायची, राउटरपासून जितकं लांब बसता येईल तितकं. पाठ भरून यायची. आणि पाठ टेकायला आत जायच्या आधी टीव्हीच्या मागे हात घालून राउटरचं बटण बंद करायची. दुपारी, रात्री, मध्येच थकवा आला तरी. दिवे विझले की छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटायचं. नवरा वैतागायचा, पण वाद घालायला तोही भ्यायचा. त्यालाही वाटत असेल, न जाणो.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या उत्तनच्या. सासरे होडीवर जायचे, ते गेल्यावरही त्यांनी गाव सोडलं नव्हतं, माझ्यासाठी म्हणून आल्या. मी दादरची, आमच्या बोलण्यात फरक, स्वयंपाकात फरक, पण त्यांनी मला कधी परकं केलं नाही. माझं बटणाचं येणं-जाणं त्या बघत असायच्या. एकदा म्हणाल्या, "बाय, त्या डब्याला तू लय भितंस."

"डब्याला नाही हो आई."

"मंग कुनाला?"

मी बटण बंद करून आत गेले. त्यांनी पुढे विचारलं नाही. कोलंबी सोलत बसल्या.

चौथा महिना सरत आला तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी सासूबाई सकाळीच उत्तनला गेल्या होत्या. त्यांच्या धाकट्या जावेकडे बोंबील सुकत घातले होते, ते बांधून आणायचे होते. नवरा ऑफिसात, अंधेरीला. भाभी लग्नासाठी गावी. आमच्या मजल्यावरचं तिसरं घर कित्येक महिने कुलूपबंद. मी जेवले, एक दावा पुरा केला, राउटर बंद केला आणि आत जाऊन पडले. डोळा लागला.

जाग आली ती ओलीने. आधी कळलं नाही. मग चादर बाजूला केली आणि बघितलं.

ते दोन्ही वेळचं सगळं एका क्षणात परत आलं. तो रंग, तो पोटाखालचा गारठा. मी ओरडले नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, रक्त दिसलं तर उठायचं नाही, डाव्या कुशीवर राहायचं आणि ताबडतोब फोन करायचा. मी कुशीवर वळले. फोन माझ्या नियमाप्रमाणे लांब, खिडकीच्या कट्ट्यावर होता. पाय न हलवता, हात ताणून उशीच्या टोकाने तो जवळ ओढला. नवऱ्याचा नंबर लावला. काहीच नाही. डॉक्टरांचा लावला. काही नाही. तातडीचा नंबर लावला, तोही जाईना. वर रेंजच्या जागी नुसती रेघ.

मी मेसेज लिहिला, "रक्त जातंय, ये." त्याच्याशेजारी छोटं घड्याळ आलं आणि ते तसंच राहिलं. मी त्या घड्याळाकडे बघत राहिले. आणि मग आठवलं की मी बटण बंद करून आलेय.

हाका मारल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते, तिथे सगळे एसी चालू, काचा बंद. माझा आवाज बाहेर गेला की नाही कोण जाणे. खाली कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. म्हणजे माणसं होती. भिंतीपलीकडे, मजल्याखाली, सगळीकडे माणसं होती, आणि माझ्यापाशी कुणी नव्हतं.

उठावं तर सांगितलंय उठायचं नाही. पडून राहावं तर कुणाला कळणार, आणि कधी? हे ठरवताना जी भीती वाटली तशी पुन्हा कधी वाटू नये. मला वाटत होतं की मी जे काही करीन त्यानेच ते जाणार आहे. उठले तर उठल्यामुळे. नाही उठले तर न उठल्यामुळे.

मी उठले. टॉवेल घेतला, भिंत धरली. कपाटाच्या आरशात मी दिसले, मी तिकडे पाहिलं नाही. पॅसेज एरवी मी लक्षही न देता ओलांडते. तेव्हा वाटलं की मी एक पाऊल टाकतेय आणि घर लांबतंय. हॉलमध्ये आले, आधी खिडकीशी फोन वर धरला. दांडी नव्हती. त्या दिवशी तीही नव्हती. मग टीव्हीच्या मागे हात घातला आणि बटण दाबलं.

राउटर चालू व्हायला वेळ लागतो हे मला कधी कळलंच नव्हतं. बटण दाबायचं आणि आपल्या कामाला लागायचं. आधी एक दिवा लागला. मग तो विझला. मग दोन. मी तिथेच, टीव्हीच्या कपाटाला टेकून खाली बसले, मग आडवी झाले, गाल फरशीवर. कपाटाच्या फटीतून ते दिवे दिसत होते. एक स्थिर, एक लुकलुकणारा, एक लाल. ज्या डब्यातून काही बाहेर पडू नये म्हणून मी एवढे दिवस देवाची प्रार्थना करत होते, त्याच्यापाशी डोकं ठेवून मी म्हणत होते, ये, ये, लवकर ये. पोटातून काही कळत नव्हतं. चौथ्या महिन्यात बाळ हललेलं कळत नाही. आहे की नाही, हे मला कुणीच सांगू शकत नव्हतं.

लाल दिवा हिरवा झाला. फोन थरथरला. तो मघाचा मेसेज गेला, आणि मी नंबर लावायच्या आत नवऱ्याचाच फोन आला.

"काय झालं? किती?"

"खूप."

"कुठे आहेस?"

"हॉलमध्ये. खाली."

"पडलीस?"

"नाही. झोपलेय."

मग त्याचा आवाज एकदम शांत झाला. इतका शांत की मला कळलं, तो माझ्याइतकाच घाबरलाय. "फोन ठेवू नकोस. मी दुसऱ्याच्या फोनवरून डॉक्टरांना लावतोय. अॅम्ब्युलन्स पाठवतो. दाराला कडी आहे?"

"आहे."

"दार तुझ्या जवळच आहे. सरकत जा, कडी काढ, आणि परत आडवी हो. बस एवढंच करायचं."

मी कडी काढली. फोन कानाशी ठेवून पडले. तो कुणाकुणाशी बोलत होता, पत्ता सांगत होता, वॉचमनचा नंबर कुणाकडून तरी मिळवत होता, आणि मध्ये मध्ये मला म्हणत होता, "आहेस ना? बोल काहीतरी." मी म्हणायची, "आहे." वॉचमन आधी आला. त्याने दारातून मला बघितलं आणि मान वळवून बाहेर उभा राहिला, पण गेला नाही. "मैडम, मैं इधर ही हूँ," असं म्हणत राहिला. मग स्ट्रेचर आलं.

हॉस्पिटल मीरा रोडला, पूनम सागरच्या बाजूला. रस्ता मला आठवत नाही. सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता आणि डॉक्टरबाई बोलत नव्हत्या. आधीच्या दोन्ही वेळा त्या अशाच बोलल्या नव्हत्या. मी डोळे मिटून घेतले. स्क्रीन बघायची नाही, त्यांचा चेहरा बघायचा नाही. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी कुठलंसं बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला. घाईघाईचा, धपधप, कुणीतरी पळतंय असा.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या.

मी ऐकलं होतं. पण विश्वास बसत नव्हता. "हा माझा नाही ना? माझ्या छातीचा?"

"नाही हो. तुमचा इतका भरभर नाही चालणार. बाळाचा आहे." वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, कडेला रक्त साठलंय, त्यातलंच बाहेर आलंय, असं त्यांनी समजावून सांगितलं. धोका टळलेला नाही, पण बाळ आहे. मला त्यांनी ठेवून घेतलं.

संध्याकाळी सासूबाई आल्या. उत्तनहून थेट, अंगाला सुक्या बोंबलांचा वास, हातात ते गाठोडं तसंच. नर्सने नाकाला रुमाल लावला. सासूबाई पलंगाशी बसल्या आणि माझे पाय दाबू लागल्या. नवरा खाली औषधं आणायला गेला होता. मी रडत रडत त्यांना बटणाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"माझं लगीन झालं तवा होड्यांवर वायरलेस नव्हता," त्या म्हणाल्या. "होडी गेली की गेली. येल तवा येल. आमी कामं करायचो, मासळी इकायचो. भ्याव असायचं, पन ते एका जागी असायचं. मंग वायरलेस आला. मच्छीमार सोसायटीत सेट होता, तितं जाऊन बसायचं. रोज आवाज यायचा, सगलं बरं हाय. आनि एक दिवस नाय आला."

"मग?"

"मंग काय. बॅटरी उतरली होती सेटची. दोन दिसांनी होडी आली, मासे भरून. पन ते दोन दिस मी जितकी भ्याले ना गो, तितकी आधी कदी न्हाय." त्यांनी माझी चादर सारखी केली. "भ्याव जात न्हाय बाय. ते जागा बदलतं."

मला त्यातून धीर आला असं म्हणता येणार नाही. पण रडणं थांबलं.

घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरबाईंना विचारलं. नवरा बाहेर गेल्यावर, हळू आवाजात. "वायफायने होतं का असं? आधीच्या वेळी आमचा राउटर पलंगाशी होता."

मला वाटलं होतं त्या हसतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. "नाही. घरातल्या राउटरने गर्भ जातो असं काहीही आढळलेलं नाही. त्याच्या लहरी फार कमी ताकदीच्या असतात." मग म्हणाल्या, "तुमचे आधीचे दोन का गेले, ते मला ठाऊक नाही. तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. मी तुम्हाला कारण देऊ शकले नाही, म्हणून तुम्ही स्वतः एक शोधलंत. पण आता मला फोन लागला पाहिजे तुमचा. पलंगावरून."

घरी आल्यावर सासूबाईंनी मला आत निजवलं आणि मुलाला म्हणाल्या, "तो डबा आन इकडं. कुठं लावायचा तो लाव, आज." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

त्याने टीव्हीच्या मागून राउटर काढला. धुळीने पांढरा झाला होता. लांब वायर आणली, हॉलच्या चौकटीवरून पॅसेजपर्यंत छोट्या क्लिपा ठोकत नेली. बेडरूमच्या दारावर, डोक्याच्या वर फळी बसवली, राउटर त्यावर उघडा ठेवला, त्याच्या अँटेनाच्या काड्या सरळ उभ्या केल्या. मग त्या दोघांनी आरशाचं कपाट रिकामं करून, ओढून दुसऱ्या भिंतीला लावलं, कारण दारातून पलंगाकडे येणारी वाट तेच अडवत होतं. सासूबाईंच्या अंगात त्या वयातही ओढायची ताकद होती. नवऱ्याने फोन माझ्या हातात दिला. पलंगावर, उशीशी, वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या.

"कर फोन," तो म्हणाला आणि हॉलमध्ये जाऊन उभा राहिला. मी लावला. तो उचलून म्हणाला, "येतोय आवाज?" त्याचा आवाज मला दोन्हीकडून आला, फोनमधून आणि पॅसेजमधून.

त्यानंतरचे महिने मी पलंगावर काढले. भीती संपली नाही. आता दिवे विझले की माझा जीव उडायचा. एकदा दुपारी लाइट गेली आणि राउटर बंद पडला, तर मी सासूबाईंना इतक्या जोरात हाक मारली की त्या पिठाच्या हातांनी धावत आल्या. नवऱ्याने मग राउटरला छोटी बॅटरी जोडून दिली, लाइट गेली तरी तो काही तास चालू राहील अशी. मी झोपायच्या आधी मान वळवून दारावरचा हिरवा ठिपका बघायची. कधी त्याचंच भय वाटायचं, की याच्या लहरी आत्ता माझ्या अंगावर येतायत. कधी तो नाहीसा होण्याचं. एकाच दिवसात दोन्ही. मधूनच पुन्हा थोडं रक्त दिसलं, मी पलंगावरून फोन लावला, डॉक्टरबाईंनी उचलला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "हे ठीक आहे, पडून राहा." त्या आवाजावर मी दिवस ढकलले.

मुलगी झाली. थोडी लवकर, वजनाने कमी, पण रडली ती अशी की बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याला ऐकू गेलं. या वेळी सगळ्यांना फोन त्याने केले. मी ऐकत पडले होते.

पहिल्या लशीला आम्ही तिघी गेलो, मी, सासूबाई आणि ती. मुलगी झोपली होती. लस देणारे डॉक्टर वेगळे, पण हॉस्पिटलातच आमच्या डॉक्टरबाई भेटल्या. मी त्यांना बाजूला घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. बाळाचा पाळणा पॅसेजच्या भिंतीला लागून आहे, चालेल ना?

"चालेल," त्या म्हणाल्या. "मागेही सांगितलं होतं. पुन्हा विचारलंत तर पुन्हा सांगीन."

सासूबाई दारात मुलीला घेऊन उभ्या होत्या. "काय म्हनाली?"

"तेच."

"मंग चल," त्या म्हणाल्या, "ऊन व्हायच्या आत घरी जाऊ. रिक्षा उभी हाय."